पकोइमाचा रिची

१९७८ साली ‘द बडी हॉली स्टोरी’ हा चित्रपट आला. गॅरी ब्यूसीनं त्यात बडी हॉलीची भूमिका केली, गाणी स्वतः म्हटली आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवलं. चित्रपट संपतो तो आयोवा राज्यातल्या क्लिअर लेक गावच्या शेवटच्या कार्यक्रमावर. गाणं रंगात आलेलं असताना दृश्य गोठतं आणि पडद्यावर अक्षरं येतात की त्याच रात्री विमान अपघातात हॉली गेला, आणि त्याच्याबरोबर आणखी दोन गायक. त्या दोघांपैकी एकाचं नाव रिची व्हॅलेन्स. वय सतरा वर्षं. ‘डॉना’ हे त्याचं गाणं त्या वेळी अमेरिकेत घरोघरी वाजत होतं. तरीही एकोणीस वर्षांनी तो दुसऱ्याच्या चित्रपटात शेवटच्या ओळीपुरता उरला होता.

त्याला त्या ओळीतून बाहेर काढलं ते १९८७ च्या ‘ला बाम्बा’नं. रॉक अँड रोलच्या गायकांवर चरित्रपट पुष्कळ निघाले, अजूनही निघतात. तरुण कलाकार, अचानक आलेलं यश, अकाली मृत्यू ही त्यांची मळलेली वाट. ‘ला बाम्बा’ही याच वाटेनं जातो, पण मला तो इतरांहून मोठा वाटतो. रिची ज्या घरातून, ज्या वस्तीतून आणि ज्या भाषेच्या काठावरून आला होता, तिथे या चित्रपटानं त्याला परत नेऊन ठेवलं.

रिचीचं जन्मनाव रिचर्ड स्टीव्हन व्हॅलेन्झुएला. जन्म १३ मे १९४१, लॉस एंजेलिसचा. तो वाढला शहराच्या उत्तरेला, सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या पकोइमा या वस्तीत. खोऱ्यातल्या बऱ्याच भागांत घराच्या खरेदीखतातच अट असे की हे घर गोऱ्या माणसालाच विकायचं. पकोइमा त्याला अपवाद होतं. म्हणून मेक्सिकन, काळी आणि जपानी वंशाची कामकरी कुटुंबं तिथे शेजारी शेजारी राहत. रिचीच्या कानांवर मेक्सिकन लोकगीतं पडली, काळ्या गायकांचं रिदम अँड ब्लूज पडलं आणि गोऱ्यांचं कंट्रीही पडलं. हे सगळं त्याला एका गल्लीत मिळालं. गिटार आणि ट्रम्पेट शिकायला वडिलांनी प्रोत्साहन दिलं. मूळचा डावरा असून तो उजव्या हातानं गिटार वाजवायला शिकला. १९५१ मध्ये वडील वारले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पुढे आई कॉनीनं मुलांना वाढवलं. आईच्या आधीच्या नात्यातला मोठा मुलगा म्हणजे बॉब मोरालेस, रिचीचा सावत्र भाऊ. चित्रपट त्याच्याभोवतीच फिरतो.

३१ जानेवारी १९५७ रोजी पकोइमाच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली. एक डग्लस कंपनीचं चाचणीसाठी निघालेलं डीसी-७बी, दुसरं हवाई दलाचं एफ-८९ जातीचं लढाऊ विमान. डीसी-७बी चर्चच्या आवारात कोसळलं आणि त्याचे तुकडे शेजारच्या पकोइमा ज्युनिअर हायस्कूलच्या मैदानावर पडले. मैदानात मुलं होती. तीन विद्यार्थी मरण पावले आणि सुमारे पंच्याहत्तर जखमी झाले. रिची याच शाळेत शिकत होता. त्या दिवशी आजोबांच्या अंत्यविधीसाठी तो घरी राहिला होता. विमानाची भीती त्याच्या मनात बसली ती तेव्हापासून.

चित्रपट याच अपघातापासून सुरू होतो. चेंडू खेळणारी मुलं, वर विमानांची धडक, मंदावलेली हालचाल. रिचीला पडणारं दुःस्वप्न म्हणून ते दाखवलंय आणि पुढे ते पुन्हा पुन्हा येतं. एखाद्या लेखकानं हे रचलं असतं तर समीक्षकांनी त्याला झोडपलं असतं, कारण शेवटाची खूण इतक्या उघडपणे पहिल्याच प्रसंगात ठेवायची नसते. इथे ती इतिहासानंच ठेवली होती.

सोळाव्या वर्षी रिची ‘द सिल्हूट्स’ या स्थानिक वाद्यवृंदात गेला. त्यातली मुलंही वस्तीसारखीच, मेक्सिकन, काळी, इटालियन आणि जपानी घरांतली. लिटल रिचर्डची गाणी तो इतक्या जोशात म्हणे की मुलं त्याला ‘खोऱ्यातला लिटल रिचर्ड’ म्हणू लागली. ही कीर्ती बॉब कीनच्या कानांवर गेली. कीन मूळचा क्लॅरिनेटवादक, एका वाद्यवृंदाचा प्रमुख. सॅम कुकचं ‘यू सेंड मी’ १९५७ मध्ये ज्या कंपनीनं बाजारात आणलं, तिच्या स्थापनेत तो होता. तिथून बाहेर पडून त्यानं डेल-फाय ही स्वतःची कंपनी काढली होती. मे १९५८ मध्ये सॅन फर्नांडोतल्या एका चित्रपटगृहात शनिवारच्या सकाळच्या खेळाला त्यानं रिचीला ऐकलं आणि सिल्व्हर लेकमधल्या आपल्या घरी बोलावलं. घराच्या तळघरात टेप रेकॉर्डर होता. २७ मे रोजी करार झाला. पुढचा हिशेब इथूनच मांडायचा. या दिवसापासून रिचीला सव्वाआठ महिने मिळाले.

कीननं पहिलं काम केलं ते नावाचं. व्हॅलेन्झुएलाचं व्हॅलेन्स झालं. मेक्सिकन आडनाव पाहून रेडिओवाले तबकडी बाजूला टाकतील, हे त्याचं भय निराधार नव्हतं. पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकेत कितीतरी कलाकारांनी याच कारणानं नावं बदलली. रिचीनं ते मान्य केलं. सतरा वर्षांच्या मुलानं तळघरात उभं राहून ‘नको’ म्हणावं, अशी अपेक्षा मी करणार नाही.

जुलैमध्ये हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं. साथीला पोरं नव्हती, मुरलेले वादक होते. ड्रमवर अर्ल पामर, रिदम गिटारवर कॅरोल के. पहिली तबकडी ‘कम ऑन, लेट्स गो’ बिलबोर्डच्या यादीत ४२ व्या क्रमांकापर्यंत गेली. दुसऱ्या तबकडीच्या एका बाजूला ‘डॉना’ हे शाळेतल्या मैत्रिणीसाठी केलेलं गाणं होतं आणि दुसऱ्या बाजूला ‘ला बाम्बा’.

‘ला बाम्बा’पाशी जरा थांबायला हवं. हे गाणं रिचीनं रचलेलं नाही. मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरच्या व्हेराक्रूझ प्रांतातलं ते जुनं लोकगीत आहे, ‘सोन हारोचो’ या प्रकारातलं. स्पॅनिश तंतुवाद्यं, गुलामगिरीतून आलेल्या आफ्रिकी लोकांचा ठेका आणि स्थानिक आदिवासींची गायकी यांच्या मिश्रणातून हा प्रकार तयार झाला. लग्नात हे गाणं म्हणतात. त्यावरच्या नाचात वधूवर जमिनीवरच्या फितीची गाठ केवळ पायांनी, ठेका न सोडता बांधतात. हार्प आणि हाराना नावाची छोटी गिटार साथीला असते. कडवी ठरलेली नसतात, म्हणणारा ती घडवत जातो.

रिचीच्या घरच्या समारंभांत हे गाणं म्हटलं जाई. पण त्याला स्पॅनिश जवळजवळ येत नव्हतं. घरात इंग्रजीच चाले. अमेरिकेत जन्मलेल्या त्या पिढीतल्या असंख्य मेक्सिकन मुलांची हीच स्थिती होती, कारण शाळेत स्पॅनिश बोललं की शिक्षा होई. ध्वनिमुद्रणाआधी त्यानं शब्द आपल्या मावशीकडून घोकून घेतले. कीननं नंतर सांगितल्याप्रमाणे, गाडीतून प्रवास करताना रिची ही धून छेडत होता. हे रॉक अँड रोलमध्ये बसवू, असं कीन म्हणाला तेव्हा रिची बिचकला. आपल्या लोकांचं परंपरेचं गाणं असं वापरणं त्याला बरं वाटेना. शेवटी तयार झाला. सुरुवातीला गिटारची ती चढती लकेर, मग ड्रमचा दणका, आणि दोन मिनिटांत सगळा खेळ संपतो. कॉर्ड मोजून तीन, पण त्यांची ती फिरत रॉक संगीतात कायमची राहिली. काही वर्षांनी आयझली बंधूंनी आणि मग बीटल्सनी गाजवलेलं ‘ट्विस्ट अँड शाउट’ त्याच स्वरक्रमावर उभं आहे.

‘डॉना’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि तबकडी दहा लाखांवर खपली. ‘ला बाम्बा’ २२ व्या क्रमांकावर थांबलं. संपूर्ण स्पॅनिश गाणं असून तिथपर्यंत जाणं हेच त्या काळी मोठं होतं. रिचीनं शाळा सोडली. फिलाडेल्फियाच्या ‘अमेरिकन बँडस्टँड’वर तो झळकला, न्यूयॉर्कला अ‍ॅलन फ्रीडच्या नाताळच्या कार्यक्रमात गायला, ‘गो, जॉनी, गो!’ या चित्रपटात चक बेरीच्या बरोबरीनं त्याला एक गाणं मिळालं. आईसाठी त्यानं घर घेतलं. मग जानेवारीत ‘विंटर डान्स पार्टी’ या दौऱ्याचं बोलावणं आलं.

दौऱ्याची आखणी ज्यानं केली, त्यानं नकाशा समोर ठेवला असेल असं वाटत नाही. २३ जानेवारी १९५९ ला मिलवॉकीहून सुरुवात, चोवीस दिवसांत चोवीस गावं, आणि रस्ता पुढेमागे वेडावाकडा. आज इथे, उद्या शेकडो मैल उलट दिशेला. हिवाळा मध्य-पश्चिम अमेरिकेचा, पारा शून्याखाली तीस अंशांच्या आसपास. बसमधली ऊबयंत्रणा बंद पडे. मग बस बदले आणि तीही बंद पडे. हॉलीच्या ड्रमवादकाच्या पायांना हिमदंश होऊन त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. बडी हॉली, ‘बिग बॉपर’ जे. पी. रिचर्डसन, डायॉन आणि त्याचे बेलमॉन्ट्स, फ्रँकी सार्डो असे सगळे त्या थंडीत एकमेकांना बिलगून झोपत. हे त्या वेळचे देशभर गाजणारे कलाकार होते.

२ फेब्रुवारीला क्लिअर लेकच्या सर्फ बॉलरूममध्ये कार्यक्रम झाला. पुढचं गाव मूरहेड, सुमारे ३६५ मैलांवर. हॉलीनं जवळच्या मेसन सिटीहून चार आसनी बीचक्राफ्ट बोनान्झा ठरवलं. लवकर पोचू, कपडे धुऊन घेऊ, थोडी झोप काढू, एवढाच विचार त्यामागे होता. माणशी ३६ डॉलर. जागा हॉलीच्या दोन साथीदारांच्या, वेलन जेनिंग्ज आणि टॉमी ऑलसप यांच्या. बॉपरला ताप होता, म्हणून जेनिंग्जनं आपली जागा त्याला दिली. रिची ऑलसपच्या मागे लागला. अखेर नाणं उडवलं आणि रिची जिंकला. डायॉननं नंतर या प्रसंगाची वेगळी हकिगत सांगितली आहे, पण ऑलसपची हकिगतच सर्वत्र रूढ झाली आणि चित्रपटातही तीच आहे. विमानाला घाबरणाऱ्या मुलानं जागेसाठी हट्ट धरावा, याचं अनेकांना नवल वाटतं. त्या बसचं वर्णन वाचलं की ते वाटत नाही.

रात्री एकला पाच मिनिटं कमी असताना विमान उडालं आणि काही मैलांवरच शेतात कोसळलं. वैमानिक रॉजर पीटरसन एकवीस वर्षांचा होता. काहीही दिसत नसताना केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. हवामान बिघडत असल्याच्या खास सूचना त्याच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. या विमानातलं तोल दाखवणारं उपकरण त्याच्या सवयीच्या उपकरणाच्या उलट दर्शवणारं होतं. काळोखात तो वर जातोय असं समजून खाली आला असावा, असं चौकशी मंडळानं त्याच वर्षी नोंदवलं. सकाळी साडेनऊनंतर विमानाच्या मालकानंच दुसऱ्या विमानातून अवशेष पाहिले. हॉली बावीस वर्षांचा, बॉपर अठ्ठावीसचा, रिची सतरा.

कुटुंबांना कळवण्याआधीच रेडिओवर नावं गेली. दौरा मात्र थांबला नाही. त्या रात्री मूरहेडला बॉबी व्ही नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला आयत्या वेळी उभं करण्यात आलं.

पुढे त्या रात्रीची दंतकथा झाली. १९७१ मध्ये डॉन मॅक्लीनच्या ‘अमेरिकन पाय’नं तिला देशव्यापी शोकाचं रूप दिलं, १९७८ मध्ये हॉलीचा चित्रपट आला. या सगळ्यात रिची होता, पण सोबती म्हणून. मेक्सिकन वस्त्यांत त्याची आठवण वेगळी होती. आपल्यातला पहिला, आपला म्हणून. पूर्व लॉस एंजेलिसच्या ‘लोस लोबोस’ या वाद्यवृंदानं १९८३ मध्ये ‘कम ऑन, लेट्स गो’ नव्यानं गायलं, ते या आठवणीतूनच.

‘ला बाम्बा’ लिहिला आणि दिग्दर्शित केला तो लुइस वाल्देझनं. त्याचा जन्म १९४० चा, डेलानोचा, शेतमजुरांच्या घरातला. म्हणजे रिचीहून तो एका वर्षानं मोठा. १९६५ मध्ये द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप पेटला तेव्हा त्यानं ‘एल तेआत्रो काम्पेसिनो’ ही नाटकमंडळी काढली. ट्रकच्या उघड्या पाठीवर, संपकऱ्यांनाच नट करून, मुकादम आणि मळेवाल्यांची सोंगं काढत ही मंडळी प्रयोग करी. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेखांच्या लाल बावटा कलापथकाची आठवण ज्यांना आहे, त्यांना या मंडळींची जात लगेच ओळखू येईल. पुढे त्याचं ‘झूट सूट’ हे नाटक ब्रॉडवेपर्यंत गेलं आणि १९८१ मध्ये त्याचा चित्रपट झाला. रिचीवर चित्रपट करायचा ध्यास मुळात वाल्देझचा धाकटा भाऊ डॅनियल याचा. त्यानं व्हॅलेन्झुएला कुटुंबाचा कित्येक वर्षं शोध घेतला. कुटुंब वॉटसनव्हिलला राहत होतं, वाल्देझ बंधूंची नाटकमंडळी असलेल्या सॅन हुआन बाउतिस्ताच्या अगदी जवळ.

कुटुंब सापडलं आणि चित्रपट बदलला, असं मी मानतो. कारण आता बॉब मोरालेस समोर होता. एका गायकाची चढती कमान दाखवणं सोपं होतं. वाल्देझनं दोन भाऊ लिहिले. धाकटा सरळ, आईचा लाडका, ज्याला सगळं जमत जातं. थोरला तुरुंगातून सुटून मोटारसायकलवर येणारा, दारू पिणारा, बाईला मारणारा, हातात चित्रकला असून ती वाया घालवणारा, आणि धाकट्यावर जीव टाकता टाकता त्याचा हेवा करणारा. एसाय मोरालेसनं ही भूमिका केली आहे. त्याचा बॉब मनात सलत राहतो, कारण तो जे करतो त्याला माफी नाही आणि तरी त्याचं दुखणं खोटं नाही. खऱ्या बॉबनं स्वतःचं हे रूप पडद्यावर येऊ दिलं, ही मला या चित्रपटातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. चरित्रपटांच्या मागे बहुधा वारसदार उभे असतात आणि ते चेहरे घासूनपुसून घेतात. या कुटुंबानं ते केलं नाही.

सुरुवातीच्या दुःस्वप्नानंतर चित्रपट येतो तो फळबागेतल्या मजुरांच्या छावणीत. तंबू, धूळ, फळांच्या पेट्या आणि त्यांत गिटार धरून बसलेला मुलगा. त्या दृश्यांत डेलानोचा वाल्देझच अधिक आहे, असं मला वाटतं. मृत्यूनं भारलेल्या गोष्टीत त्यानं श्रम घातले. आई कॉनी (रोझाना डिसोटो) राबताना दिसते. ती पोराच्या गाण्याकडे स्वप्न म्हणून पाहते आणि घराच्या हप्त्याची सोय म्हणूनही. हॉल भाड्यानं घेऊन ती त्याचा कार्यक्रम ठेवते. डॉनाच्या वडिलांना मेक्सिकन मुलगा दारात नको आहे, हे चित्रपट दोन-चार नजरांतून सांगतो आणि पुढे जातो. भाषण नाही. ‘झूट सूट’च्या लेखकाकडून हा संयम मला अपेक्षित नव्हता.

इतिहासाची चित्रपटानं मोडतोड केलीच आहे. ‘ला बाम्बा’ रिचीला सापडतं ते तिहुआनात, बॉब त्याला सीमेपलीकडच्या कुंटणखान्यात घेऊन जातो तेव्हा. तिथे गाणारे वादक म्हणजे खुद्द लोस लोबोस. प्रत्यक्षात ते गाणं त्याच्या घरातच होतं. पडद्यावर सीमा ओलांडून जायला लावणं परिणामकारक आहे, पण त्यात काहीतरी हरवतं. परंपरा दूर देशी असते आणि तिला शोधायला जावं लागतं, असं ते सांगतं. खरी परंपरा मावशीच्या तोंडी होती. शेवटी वाजणारं ‘स्लीप वॉक’ हे गिटारचं संथ वादनही रिची गेल्यानंतर बाजारात आलेलं. हे दुसरं मला मुळीच खटकत नाही. पहिलं खटकतं.

चरित्रपट काय गाळतो यावरून त्याची नियत कळते. गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता. १९५८ मध्ये, म्हणजे रिची गोल्ड स्टारमध्ये गात होता त्याच वर्षी, बारा वर्षांच्या फ्रेडीनं, तेव्हाच्या फारोख बुलसारानं, वर्गमित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला आणि ते लिटल रिचर्डची गाणी वाजवू लागले. त्याच्यावरच्या २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटात पाचगणीचं एकही दृश्य नाही. घडण कुठे झाली हे त्या चित्रपटाला महत्त्वाचं वाटलं नाही. ‘ला बाम्बा’ला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं.

मुख्य भूमिका मिळाली लू डायमंड फिलिप्सला. जन्म फिलिपाइन्समधल्या अमेरिकी नाविक तळावरचा, आई फिलिपिनो, वाढला टेक्सासात. तोवर त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं, आणि तो मेक्सिकन वंशाचाही नव्हता. हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो गैरलागू म्हणता येणार नाही. पण कुटुंबानं त्याला आपलं मानलं. विमानात चढण्याच्या दृश्याचं चित्रीकरण चालू असताना रिचीची बहीण त्याला धरून रडली, असं फिलिप्सनं पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. खरी कॉनीही एका समारंभाच्या दृश्यात क्षणभर दिसते. गाण्यांना आवाज दिला लोस लोबोसच्या डेव्हिड हिडाल्गोनं. पार्श्वसंगीतात कार्लोस सांतानाची गिटार आहे, आणि सांतानाही मेक्सिकोतून आलेला.

आता तारखा पाहा. नोव्हेंबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सुमारे ७३ टक्के मतांनी इंग्रजी ही राज्याची अधिकृत भाषा ठरवली. स्पॅनिशचा वाढता वापर हेच त्या प्रचारातलं मुख्य भय होतं. २४ जुलै १९८७ ला ‘ला बाम्बा’ प्रदर्शित झाला. कोलंबिया पिक्चर्सनं इंग्रजीबरोबर स्पॅनिश डब केलेल्या आणि स्पॅनिश उपशीर्षकं असलेल्या प्रतीही एकाच वेळी चित्रपटगृहांत लावल्या, हॉलिवूडमध्ये तोवर न झालेली गोष्ट. ऑगस्टमध्ये लोस लोबोसचं ‘ला बाम्बा’ बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तीन आठवडे तिथेच राहिलं. पूर्णपणे स्पॅनिश गाण्यानं त्या यादीचं शिखर गाठण्याची ही पहिलीच वेळ. मतपेटीतून नको म्हटलेली भाषा नऊ महिन्यांनी त्याच राज्यात प्रत्येक मोटारीच्या रेडिओतून ऐकू येत होती. गाण्याच्या शेवटी लोस लोबोसनी रॉकचा दणका थांबवून हारोचो वाद्यांची मूळ धून ठेवली आहे. व्हेराक्रूझचं गाणं रिचीनं जिथून उचललं, तिथे त्यांनी ते नेऊन पोचवलं.

साडेसहा दशलक्ष डॉलरमध्ये, म्हणजे हॉलिवूडच्या मानानं किरकोळ पैशात केलेल्या या चित्रपटानं अमेरिकेत ५४ दशलक्षांवर कमाई केली. गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला. रिचीच्या आयुष्याचं सार्वजनिक मोलही चित्रपटानंतरच वाढलं. १९९० मध्ये हॉलिवूडच्या पदपथावर तारा, १९९३ मध्ये टपाल तिकीट, २००१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम. आई कॉनीनं यांतलं काही पाहिलं नाही. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ती वारली. मायलेकांची कबर एकच आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांनी आणखी एक तबकडी ऐकावी. डिसेंबर १९५८ मध्ये रिची आपल्या जुन्या शाळेत, पकोइमा ज्युनिअर हायस्कूलमध्ये, मुलांसमोर गायला. विमानाचे तुकडे जिच्या मैदानावर पडले होते तीच शाळा, आणि त्या घटनेला दोन वर्षंही झाली नव्हती. कोणीतरी ते टेपवर घेतलं. १९६० मध्ये डेल-फायनं ते बाजारात आणलं. ध्वनिमुद्रण साधंच आहे, मुलांचा गलका मध्ये मध्ये गिटारला झाकून टाकतो. त्यात ‘डॉना’ आहे, ‘ला बाम्बा’ आहे आणि एडी कॉक्रनचं त्याच वर्षी गाजलेलं ‘समरटाइम ब्लूज’ही आहे, म्हणजे हा मुलगा इतरांची नवी गाणी ऐकून लगेच बसवत होता. दुसऱ्या बाजूला त्यानं कीनच्या तळघरात नमुन्यादाखल म्हणून ठेवलेल्या अर्धवट चाली आहेत. त्या पुऱ्या कशा करायच्या होत्या, हे कीन मध्ये मध्ये बोलून सांगतो.